दोन ओळींची तोहमत

‘स्वीट स्मेल ऑफ सक्सेस’ हा १९५७चा अमेरिकी चित्रपट वृत्तपत्रांवर आहे, पण बातमी शोधायला बाहेर पडलेला एकही बातमीदार त्यात दिसत नाही. दिसतात ती न्यूयॉर्कची हॉटेलं, क्लब आणि फोन.

स्तंभलेखक हन्सेकर (बर्ट लँकेस्टर) हॉटेलातल्या टेबलावर बसून ठरवतो, उद्या कोणाचं नाव छापून येणार. फाल्को (टोनी कर्टिस) हा प्रसिद्धी एजंट त्याच्या मेहेरबानीवर जगतो. हन्सेकरच्या बहिणीचं एका जाझ गिटारवादकावर प्रेम आहे; भावाला ते मोडायचं आहे. फाल्को दुसऱ्याच एका स्तंभात दोन ओळी छापून आणतो: हा पोरगा गांजा ओढतो, शिवाय कम्युनिस्ट आहे. नाव नाही, फक्त खुणा. तेवढ्यावर त्याचं काम जातं. पुरावा कोणी मागत नाही. मग हन्सेकरच मोठ्या मनाने ते परत मिळवून देतो. स्वाभिमानी पोरगा उपकार झिडकारेल आणि बहिणीच्या मनातून उतरेल, हा डाव! मला हा भाग गांजाहून भयंकर वाटतो.

उर्दूत इल्जाम खराही असू शकतो, तोहमत मात्र बिनबुडाचीच. ती ज्या अरबी धातूतून आली, त्यातूनच आपला मराठी ‘वहीम’ही आला.

हन्सेकरमागे उभा आहे वॉल्टर विंचेल, १९२९पासून ‘डेली मिरर’चा स्तंभलेखक. हा माणूस हिटलरविरुद्ध फार लवकर बोलला होता, हेही सांगायला हवं. पुढे तो मॅकार्थींच्या बाजूने गेला. ऑक्टोबर १९५१मध्ये कृष्णवर्णीय कलावंत जोसेफिन बेकर यांना स्टॉर्क क्लबमध्ये जेवण वाढायला टाळाटाळ झाली. विंचेल त्या रात्री तिथे होता. त्याने साथ दिली नाही अशी टीका होताच त्याने स्तंभातून बेकर यांनाच कम्युनिस्ट ठरवायला घेतलं. या बाईंनी महायुद्धात नाझींविरुद्ध फ्रेंच प्रतिकार चळवळीचं काम केलं होतं!

मूळ कथा लिहिणारे अर्नेस्ट लेहमन स्वतः एका प्रसिद्धी एजंटाकडे नोकरीला होते. त्यांच्यासोबत पटकथा लिहिणारे क्लिफर्ड ओडेट्स एके काळी कम्युनिस्ट पक्षात होते. १९५२मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे त्यांनी जुन्या साथीदारांची नावं सांगितली होती. पाच वर्षांनी आलेल्या या चित्रपटात एका निरपराध वादकावर तोच शिक्का बसतो.

चित्रपट तेव्हा पडला. ‘डेली मिरर’ १९६३मध्ये बंद झाला.