मुख्यालय हलते तेव्हा गावाचे काय होते?

मोठ्या कंपनीची तीन ठिकाणे वेगवेगळी असू शकतात: माल तयार होतो तो कारखाना, सरकारदप्तरी नोंदलेली कचेरी आणि निर्णय घेतले जातात ते मुख्यालय. मुख्यालय दुसरीकडे गेले तरी कारखान्याचा भोंगा पूर्वीप्रमाणेच वाजत राहतो. त्यामुळे गावाने काय गमावले, हे पुष्कळदा उशिरा उमगते. किर्लोस्कर उद्योगाच्या इतिहासात बेळगाव, किर्लोस्करवाडी, पुणे आणि मध्य प्रदेशातील देवास या चार ठिकाणी हा फरक पडताळून पाहता येतो.

या उद्योगाचा आरंभ 1888 मध्ये बेळगावात झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने प्रारंभी नांगराला गिऱ्हाईक मिळणे अवघड गेले. उद्योगाचा जम बसत असतानाच, ठळकवाडीला शहराची नवी वस्ती वसवायची असल्याने कारखान्याची जागा सोडावी, असे नगरपालिकेने कळविले. येथे उपनगराच्या वाढीनेच उद्योगाला स्थलांतर करावे लागले. बेळगावला एक उत्तम उपनगर मिळाले; मात्र शहरात रुजू लागलेला उद्योग शहराबाहेर गेला.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचे कर्ज दिले. 10 मार्च 1910 रोजी तेथे नव्या वसाहतीचा आरंभ झाला. निवडुंग आणि सापांसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या माळावर कारखान्याबरोबरच घरे आणि बागा उभ्या राहिल्या. मालक कामगारांच्या शेजारी राहत असल्यामुळे पाणी, आरोग्य आणि शिक्षण हे व्यवस्थापनाच्याही घरचे प्रश्न होते. तुरुंगवास भोगून आलेल्यांना पहारेकरी नेमण्याचा धाडसी निर्णयही येथे घेतला गेला. कालांतराने रेल्वे स्थानकाला किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले.

मुख्यालय गावात असण्याचा लाभ केवळ पगारापुरता नसतो. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी येथूनच ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. त्यापाठोपाठ 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. एका आडवाटेच्या वसाहतीतून मराठी मध्यमवर्गाच्या विचारांना वळण देणारी नियतकालिके निघू शकली, कारण विचार करणारी आणि खर्चाला मंजुरी देणारी माणसे तेथेच राहत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा आणि बंगळुरूला विजेच्या यंत्रांचा उद्योग सुरू झाला. शंतनुराव किर्लोस्करांच्या काळात समूहाचे केंद्र पुणे बनले आणि पुढे मासिकेही पुण्याहून प्रसिद्ध होऊ लागली. किर्लोस्कर ब्रदर्सचे मुख्यालय आज पुण्याच्या बाणेर उपनगरात आहे. किर्लोस्करवाडीचा पंपांचा कारखाना बंद पडला नाही. रोजगार आणि कौशल्य तेथे टिकले. मात्र नव्या गुंतवणुकीचा निर्णय, मोठ्या खरेदीचे करार आणि वरिष्ठांच्या नेमणुका यांचे ठिकाण बदलले.

देवासचा अनुभव याहून निराळा आहे. पवार घराण्याच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थाने या एकाच शहरातून चालत. 1948 मध्ये ती मध्य भारतात विलीन झाली आणि देवासचे राजधानीपण संपले. त्यानंतरच्या दशकांत येथे कारखानदारी वाढली. किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना आला, बँक नोट प्रेस आली, टाटा समूहाचा चामडे उद्योग आला. परंतु किर्लोस्करांचे मुख्यालय पुण्यात, टाटांचे मुंबईत आणि नोटा छापणाऱ्या सरकारी महामंडळाचे नवी दिल्लीत. एकेकाळी दोन दरबार भरणाऱ्या शहरात आता कारखाने आहेत; त्यांचे निर्णय बाहेर होतात.

याच जिल्ह्यातील लोहारदा हे नगर परिषदेचे लहान गाव शेतीवर जगणारे आहे. सोयाबीन, गहू आणि हरभरा पिकविणाऱ्या अशा भागासाठी जिल्ह्याचे औद्योगिक ठिकाण म्हणजे देवास. तेथील एखाद्या कारखान्याने पाळी वाढवली किंवा कमी केली, तर त्याचा परिणाम खेड्यांतून कामाला जाणाऱ्या तरुणांवर होतो. निर्णय घेणाऱ्यांपर्यंत मात्र लोहारद्याचा आवाज पोहोचण्याचा थेट मार्ग नाही.

कायदाही या बाबतीत मर्यादित आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 13 नुसार नोंदणीकृत कचेरी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी भागधारकांचा विशेष ठराव आणि केंद्र सरकारची मंजुरी लागते. अर्जाची प्रत राज्याच्या मुख्य सचिवांना द्यावी लागते, आणि स्थलांतरामुळे कोणाही कर्मचाऱ्याला कामावरून कमी केले जाणार नाही, असे प्रतिज्ञापत्र संचालकांना द्यावे लागते. मात्र हे नियम नोंदणीकृत कचेरीपुरते आहेत. प्रत्यक्ष निर्णय घेणारे अधिकारी दुसऱ्या शहरात जाऊन बसले, तर अशा मंजुरीची गरज नसते. गोव्यालाही नोंदणीकृत कचेरीच्या स्थलांतराचा अनुभव आहे. सेसा गोवा आणि स्टरलाईट यांच्या विलीनीकरणातून आलेल्या वेदांत कंपनीची नोंदणीकृत कचेरी पणजीच्या पाटो भागात होती. ती पुढे मुंबईला गेली.

समुदायाच्या हाती एक आधार उरतो. याच कायद्याचे कलम 135 ठरावीक आकारमानाच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायला लावते आणि कामकाज चालते त्या परिसराला प्राधान्य देण्यास सांगते. ही तरतूद उपयुक्त आहे; परंतु तो निधी कोणत्या कामावर जावा, हेही संचालक मंडळच ठरविते.

म्हणून उद्योगाला जमीन आणि सवलती देताना किती नोकऱ्या मिळतील, एवढेच विचारणे पुरेसे नाही. संशोधन, आरेखन आणि खरेदी यांचे विभाग स्थानिक पातळीवर राहतील काय, हेही करारात लिहून घ्यावे. औंधच्या राजाने जमीन दिली तेव्हा उद्योजक त्याच माळावर राहायला आले. किर्लोस्करवाडीच्या भरभराटीचे मोठे कारण हेच होते.