मेन्यू कार्डावरची फ्रेंच भाषा



मागच्या वर्षी आपल्या गटाला एका ठिकाणी पाहुण्यांच्या जेवणाची ऑर्डर मिळाली. मॅनेजरने फोनवर विचारलं, "बुफे की आ ला कार्ट?" अर्थ विचारायची लाज वाटली, म्हणून मी म्हटलं, "आ ला कार्ट चालेल." आम्ही चाळीस जणांचा स्वयंपाक घेऊन गेलो. तिथे कळलं की पाहुणा कार्ड बघून जे मागवेल तेवढ्याचेच पैसे मिळणार. बरंचसं अन्न उरलं आणि तोटा गटाच्या शिलकीतून भरला. तेव्हापासून या शब्दांच्या मागे लागले.

'आ ला कार्ट' म्हणजे 'कार्डाप्रमाणे'. बुफे म्हणजे मुळात भांडी ठेवायचं कपाट. त्यावर जेवण मांडायचे, म्हणून जेवणालाही तेच नाव पडलं. मेन्यू म्हणजे बारीकसारीक तपशील. शेफ म्हणजे मुख्य, प्रमुख माणूस. सॉते म्हणजे तव्यात उडवून परतलेलं, आणि प्युरी म्हणजे गाळून घेतलेलं. म्हणजे हे सगळे साधे चुलीपाशीचेच शब्द आहेत!

रेस्टॉरंट हा शब्दही असाच. त्याचा मूळ अर्थ ताकद भरून आणणारा. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये अशक्त माणसाला देतात तसा मांसाचा रस विकला जाई, त्याचं हे नाव. पुढे दुकानालाच ते चिकटलं. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. सरदारांचे वाडे बंद पडले, आचारी बेकार झाले. त्यातल्या अनेकांनी पॅरिसमध्ये खाणावळी काढल्या. पुढे युरोपभरच्या श्रीमंतांच्या पंगतीत फ्रेंच स्वयंपाकाचा मान वाढला. इंग्रजांनी तो उचलला आणि त्यांच्याबरोबर ही भाषा आपल्याकडे आली.

आपल्या दिंडोरीत तर ती थेट मळ्यात आली. १९९९ साली नाशिकला सुला कंपनी सुरू झाली आणि २००० साली तिची पहिली वाईन निघाली. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. २०१३ साली शँडॉन ही फ्रेंच कंपनीची वाईन भारतात आली, तिचा कारखाना आपल्याच तालुक्यात उभा राहिला. 'शेनिन ब्लाँ' आणि 'सॉव्हिन्यो ब्लाँ' ही द्राक्षाच्या जातींची नावं. ब्लाँ म्हणजे पांढरा. बाटलीवरचं 'ब्रूत' म्हणजे गोडी फारच कमी असलेली.

वेलीची छाटणी आपण करतो, द्राक्ष आपण खुडतो, आणि बाटलीवरचं नाव मात्र आपल्याला वाचता येत नाही. इथे कमीपणा आपल्या बुद्धीचा नाही, विचारण्याची सवय नसण्याचा आहे. पॅरिसच्या आचाऱ्यानेही कधीतरी हे शब्द दुसऱ्याला विचारूनच शिकले असतील.

म्हणून आता आमच्या गटाचा नियम असा: ऑर्डर घेताना न कळलेला शब्द आला, तर तिथेच विचारायचं, "याचा अर्थ काय, आणि पैसे कशाचे मिळणार?" उत्तर लगेच वहीत लिहायचं आणि पलीकडच्याला वाचून दाखवायचं. तुमच्याकडेही असा अडलेला शब्द असेल, तर पुढच्या बैठकीत नक्की आणा. आपण मिळून सोडवू.