अस्थिमज्जा प्रत्यारोपण: सिएटलचे डॉ. थॉमस आणि आपण



बॉथेलहून सिएटलला निघालं, रस्त्यावर गर्दी नसली, तर अर्ध्या तासात आपण लेक युनियनच्या काठी पोहोचतो. तिथे फ्रेड हचिन्सन कॅन्सर सेंटर आहे. इथले लोक त्याला नुसतं 'हच' म्हणतात. फ्रेड हचिन्सन हा सिएटलचा लाडका बेसबॉलपटू. १९६४ साली, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी तो फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेला. त्याचे सर्जन भाऊ डॉ. विल्यम यांच्या पुढाकाराने त्याच्या नावाची ही संस्था १९७५ मध्ये सुरू झाली. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, बरा करणारा अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा उपचार जगाला मुख्यतः इथून मिळाला. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं, म्हणून आम्ही ही माहिती एकत्र करून देत आहोत.

आधी थोडं शास्त्र. हाडांच्या पोकळीत जो मऊ भाग असतो ती अस्थिमज्जा, इंग्रजीत बोन मॅरो. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स तिथेच तयार होतात. हा कारखानाच बिघडला तर ल्युकेमिया, अप्लास्टिक अॅनिमिया, थॅलेसेमिया, सिकल सेल असे आजार होतात. उपाय म्हणजे जबर केमोथेरपी किंवा रेडिएशनने जुनी मज्जा नष्ट करायची आणि दुसऱ्याची निरोगी मज्जा द्यायची. 'प्रत्यारोपण' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ऑपरेशन येतं, पण रुग्णावर कसलीच शस्त्रक्रिया होत नाही. रक्त चढवतात तशी पिशवी लावतात. नव्या पेशी रक्तातून फिरत आपणहून हाडांत जाऊन बसतात आणि दोन ते चार आठवड्यांत कामाला लागतात.

ऐकायला सोपं, पण हे साधायला वीस वर्षं लागली. डॉ. एडवर्ड डॉनल थॉमस यांचा जन्म १९२० साली टेक्सासमधल्या मार्ट नावाच्या लहानशा गावी झाला. वडील गावचे डॉक्टर. कॉलेजात असताना एकदा टेक्सासात कधी नव्हे तो बर्फ पडला, आणि डॉटी नावाच्या मुलीने त्यांच्या तोंडावर बर्फाचा गोळा मारला. पुढे तिच्याशीच लग्न झालं! डॉटीबाई पत्रकारिता शिकत होत्या. ते सोडून त्यांनी प्रयोगशाळेचं शिक्षण घेतलं आणि जन्मभर पतीबरोबर काम केलं. रक्ताचे नमुने तपासण्यापासून शोधनिबंधांची भाषा सुधारण्यापर्यंत सगळं त्या बघत. डॉ. थॉमस यांना अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे जनक म्हणतात, तर डॉटीबाईंना जननी. आमच्या मते हा मान पूर्णपणे त्यांच्या हक्काचा आहे.

१९५७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन इथे असताना डॉ. थॉमस यांनी सहा रुग्णांना मज्जा दिल्याचा निबंध प्रसिद्ध केला. त्या सहांपैकी एकही शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. जुळ्या भावंडांची मज्जा दिली तेव्हा ती रुजली, पण काही महिन्यांत ल्युकेमिया परतला. इतरांच्या बाबतीत एक तर शरीर नवी मज्जा नाकारी, नाही तर नवी मज्जाच रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर हल्ला करी. या दुसऱ्या प्रकाराला 'ग्राफ्ट व्हर्सस होस्ट' म्हणतात. बहुतेक संशोधकांनी हा नाद सोडून दिला. डॉ. थॉमस मात्र पुन्हा प्रयोगशाळेत गेले आणि कुत्र्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग करत राहिले. १९६३ मध्ये ते सिएटलला आले. इथल्या कामातून दिसून आलं की पेशींवरच्या खुणा, ज्यांना एचएलए म्हणतात, त्या जुळल्या आणि प्रत्यारोपणानंतर मेथोट्रेक्सेटसारखं औषध दिलं, तर मज्जा टिकते.

१९७७ मध्ये त्यांच्या गटाने शंभर रुग्णांचा अहवाल दिला. सगळे अगदी शेवटच्या अवस्थेतले. त्यातले तेरा दीर्घकाळ आजारमुक्त राहिले. शंभरात तेरा म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण एरवी त्यातला कोणीच वाचला नसता. मग हाच उपचार आजार आटोक्यात असतानाच, लवकर करून पाहिला. १९७९ च्या अहवालात निम्म्याच्या आसपास रुग्ण बरे होण्याची आशा दिसली. थॅलेसेमियाच्या एका बाळाला प्रत्यारोपणाने बरं केल्याचं वृत्त १९८२ मध्ये याच गटाने दिलं. १९९० साली डॉ. थॉमस यांना मूत्रपिंड प्रत्यारोपण करणाऱ्या डॉ. जोसेफ मरे यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालं. २०१२ मध्ये सिएटलमध्येच त्यांचं निधन झालं.

आता मुंबईकडे वळू. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. सुरेश अडवाणी सिएटलला डॉ. थॉमस यांच्या हाताखाली हे तंत्र शिकले. लहानपणी पोलिओ झाल्याने ते चाकाच्या खुर्चीत असत. परत गेल्यावर २० मार्च १९८३ रोजी परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात त्यांनी भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. ल्युकेमिया झालेल्या एका लहान मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. आज टाटाचा हा विभाग नवी मुंबईत खारघरला आहे. मुंबईत कोणावर असा प्रसंग आला तर तिकडे काय सोय असणार, असं म्हणू नका. ही विद्या तिकडे चाळीस वर्षांहून जुनी आहे.

आपलं बॉथेलही यात मागे नाही. दात्याच्या पेशी रुग्णाच्या कॅन्सरशी लढतात, हे प्रत्यारोपणातूनच स्पष्ट झालं. त्याच धाग्यावर पुढे रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशी बदलून वापरण्याचे कार-टी उपचार आले. त्यातलं २०२१ मध्ये मान्यता मिळालेलं ब्रेयान्झी बॉथेलच्या कारखान्यात तयार होऊ लागलं.

आता आपल्या घरचा प्रश्न. सख्ख्या भावंडाशी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत पाच-सहा भावंडं असत, आता एक किंवा दोन. मग अनोळखी दाता शोधावा लागतो. जगभरच्या नोंदणीत चार कोटींहून अधिक नावं आहेत. पण एचएलए वंशपरंपरेने येतं, त्यामुळे आपल्या मुलांचा जोड बहुधा आपल्याच लोकांत सापडतो, आणि नोंदणीत आपण फार कमी. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदणीनुसार, म्हणजे एनएमडीपीनुसार, गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता सुमारे ७९ टक्के, तर आशियाई रुग्णाला सुमारे ४७ टक्के. अलीकडे अर्ध्या जुळणीवरही, म्हणजे आईवडिलांच्या किंवा मुलांच्या पेशींवर, चांगले निकाल मिळू लागले आहेत. तरी दात्यांची गरज संपलेली नाही.

नोंदणीला गालाच्या आतून कापसाची काडी फिरवावी लागते, बस्स. १८ ते ३५ वयाच्या दात्यांना सर्वांत जास्त मागणी असते, तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींशी जरूर बोला. रक्तगट जुळावा लागत नाही. पुढे बोलावणं आलंच, तर बहुतेक वेळा पाच दिवस इंजेक्शनं घेऊन हातातून रक्तदानासारख्या पद्धतीने पेशी काढतात. त्या दिवसांत अंग दुखतं, फ्लू झाल्यासारखं वाटतं. काही वेळा भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, ती काही आठवड्यांत भरून येते. 'पाठीच्या कण्यातून काढतात, माणूस लुळा पडतो' असं एखाद्या काकूंनी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कण्याला कोणी हात लावत नाही. दात्याला खर्चही येत नाही.

एक विनंती मात्र आहे. नाव देऊन ऐनवेळी माघार घेणं हे नाव न देण्याहून वाईट, कारण तिकडे रुग्ण आशा लावून बसलेला असतो. घरात बोलून मगच नोंदणी करा. नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलात तर नवा पत्ता आणि फोन एनएमडीपीला कळवा. कायमचे भारतात परतलात, तर तिथे २००९ पासून 'दात्री' ही नोंदणीसंस्था काम करते.