फाइलच्या पत्त्यातला बॅकस्लॅश: बिदर, उदगीर नावाचे फोल्डर स्क्रिप्टला का सापडत नाहीत?

करजगी, बिदर, उदगीर अशा गावांच्या नावाने फोल्डर करायचे, त्यात अर्ज आणि उतारे ठेवायचे आणि छोट्या स्क्रिप्टने बॅकअप घ्यायचा, ही सोयीची पद्धत. पण पत्ता बरोबर लिहूनही फाइल सापडत नाही, तेव्हा दोष बहुधा बॅकस्लॅशचा (\) असतो.

नेमके काय होते?

विंडोजमध्ये फोल्डरची नावे बॅकस्लॅशने वेगळी करतात. डॉसमध्ये साधा स्लॅश (/) आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होता, म्हणून 1983च्या डॉस 2.0 मध्ये फोल्डर आले तेव्हा बॅकस्लॅश घेतला गेला. मात्र पायथॉन आणि जावास्क्रिप्टमध्ये याच चिन्हाचा अर्थ ‘पुढचे अक्षर खास आहे’ असा होतो.

इंग्रजी छोट्या लिपीत नाव लिहिले, की बॅकस्लॅशनंतर असे घडते:

- निलंगा (एन): तिथे नवी ओळ सुरू होते.
- तुळजापूर (टी): टॅब पडतो.
- बिदर, भालकी (बी): बॅकस्पेस होतो.
- उदगीर (यू): युनिकोडचा आकडा अपेक्षित असतो, म्हणून कोड चालतच नाही.
- करजगी (के): पायथॉन बॅकस्लॅश तसाच ठेवतो, 3.12 पासून इशाराही देतो. जावास्क्रिप्ट मात्र तो गुपचूप गाळते. ‘डी:\करजगी’चे ‘डी:करजगी’ होते आणि फाइल भलत्याच फोल्डरमध्ये जाऊ शकते. बॅकअप झाला असे वाटते, पण जागेवर काहीच नसते.

उपाय

1. साधा स्लॅश वापरा: ‘डी:/बिदर/अर्ज’. पायथॉन आणि नोडमध्ये विंडोजवरही चालतो.
2. बॅकस्लॅश दोनदा लिहा: ‘डी:\\बिदर\\अर्ज’. जेसनमध्येही असेच लिहावे लागते.
3. पायथॉनमध्ये अवतरणाआधी आर लावा. मात्र अशा मजकुराच्या शेवटी एकटा बॅकस्लॅश चालत नाही.
4. पत्ता स्वतः जोडण्यापेक्षा पायथॉनच्या ‘पाथलिब’वर सोपवा.

एक्सेलच्या मॅक्रोत (व्हीबीए) बॅकस्लॅश साधाच असतो, तिथे तो दोनदा लिहायची गरज नाही. पण मॅक्रोतून जेसन किंवा पायथॉनचा कोड तयार होत असेल, तर त्या कोडमध्ये तो दुप्पट हवा. एकात एक जितक्या भाषा, तितक्यांदा नियम तपासावा लागतो.

स्क्रिप्ट चालवण्याआधी तयार झालेला पत्ता स्क्रीनवर छापून बघा. ओळ मध्येच तुटली किंवा अक्षर गायब झाले, तर चूक तिथेच आहे. जुन्या फाइली पुसणारी स्क्रिप्ट असेल तर ही तपासणी चुकवूच नका.