प्रतापसिंहांच्या बाजूचे साक्षीदार कोणी बोलावले?

दरवर्षी ७ नोव्हेंबरला आपण साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये जमतो. १९०० साली याच दिवशी भिवा रामजी आंबेडकर हे नाव तिथल्या रजिस्टरात चढलं, हे आता लहान पोरांनाही ठाऊक आहे. पण शाळेला ज्यांचं नाव आहे त्या प्रतापसिंहांचं काय झालं, असं विचारलं की आपले बरेच कार्यकर्ते गप्प होतात. फार तर कोणी प्रबोधनकारांच्या पुस्तकाचं नाव घेतो आणि बाळाजीपंत नातूला चार शिव्या घालून मोकळा होतो.

शिव्या अगदीच अस्थानी नाहीत. भोसल्यांना वेदोक्ताचा अधिकार आहे की नाही, या वादात सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन सनातन्यांच्या बाजूला होते आणि नातूचं वजन इंग्रजांकडे होतं. पण कारस्थानी माणसं कुठल्या काळात नसतात? त्यांचं फावलं, कारण चौकशी बंद दाराआड झाली.

१८३६ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात गुप्त चौकशी बसली. रेसिडेंट लॉडविक, कर्नल ओव्हन्स आणि मुंबई सरकारचा सचिव विलोबी. आरोप असा, की महाराजांनी २३ व्या पलटणीच्या देशी सुभेदारांना फितवण्याचा प्रयत्न केला. महाराजांनी पुराव्याच्या नकला मागितल्या, उघड चौकशी मागितली. मिळाली नाही. पुढे ओव्हन्स स्वतःच रेसिडेंट झाला आणि आणखी दोन आरोप जोडले गेले: गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार. या दोन आरोपांवर तर महाराजांचं म्हणणं ऐकायला कोणी बसलंच नाही. फिर्यादी कंपनी, तपासनीस कंपनी, न्यायाधीश कंपनी आणि दप्तराच्या किल्ल्याही कंपनीकडेच!

१८३९ मध्ये गव्हर्नर कारनॅक साताऱ्याला आला. कबुलीवर सही करा, झालं गेलं विसरू, असा त्याचा सौदा. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबरात रात्रीच्या वेळी त्यांना वाड्यातून उचललं, भावाला गादीवर बसवलं आणि यांची रवानगी काशीला झाली. १८४७ साली ते तिथेच वारले.

त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते एक तपाहून जास्त काळ लंडनमध्ये दाद मागत राहिले. त्यांच्या बाजूने उभा राहिला जॉर्ज थॉम्प्सन, गुलामगिरीविरुद्ध लढलेला वक्ता. आणि चौकशीला बसलेला लॉडविकही पुढे तिथे महाराजांच्या बाजूने बोलला. उघड सुनावणी झाली असती, तर हेच बोलणं साताऱ्यात वेळेवर ऐकू आलं असतं.

कोणी म्हणेल, राजासाठी आपण का रडायचं? मला त्यांची आरती करायची नाही. त्यांच्या राज्यातही आपले पूर्वज वेशीबाहेरच होते. पण सातारच्या राजाला जे मिळालं नाही, ते बाबासाहेबांच्या मसुदा समितीने कलम ६१ मध्ये लिहिलं. राष्ट्रपतींवर महाभियोग आला तर एक सभागृह आरोप ठेवणार, दुसरं चौकशी करणार, आणि त्या चौकशीत स्वतः हजर राहण्याचा, प्रतिनिधीमार्फत बाजू मांडण्याचा हक्क राष्ट्रपतींना आहे. अमेरिकेत २०२० साली उलटं घडलं. ट्रम्प सरकारने विशेषाधिकाराच्या नावाखाली कागद आणि माणसं अडवली, आणि नवे साक्षीदार बोलावायचेच नाहीत, असं सिनेटने ५१ विरुद्ध ४९ मतांनी ठरवलं. तिथे आरोपीलाच साक्षीदार नको होते. साताऱ्यात आरोपी साक्षीपुराव्यासाठी भांडत होता. दोन्हीकडे कुलूप मात्र सत्तेनेच लावलं.

आपल्याकडे सरकारचा हा गुप्ततेचा दावा १९७५ साली राज नारायण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तपासला. पंतप्रधानांच्या सुरक्षेचं निळं पुस्तक सरकार दाखवेना. कागद दडवायचा की उघडायचा याचा शेवटचा निर्णय सरकारचा नाही, कोर्ट तो कागद स्वतः पाहू शकतं, असं न्यायालयाने सांगितलं.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे सांगली जिल्ह्यातला आपला एक सफाई कामगार. ठेकेदाराच्या तक्रारीवरून त्याला कामावरून काढलं. त्याच्या बाजूने बोलायला तिघे सहकारी तयार होते, त्यांना बोलावलंच नाही. माहिती अधिकारात चौकशी अहवाल मागितला तर उत्तर आलं, ‘गोपनीय’. आम्ही अपील केलंय. त्यात राज नारायण निकालाचा हवाला दिलाय. प्रतापसिंहांचाही द्यावा असं फार वाटलं होतं, पण वकील साहेब नको म्हणाले.