स्लॅब सकाळी सातला

इमारत काल्पनिक आहे. पुण्याच्या पश्चिमेला उभ्या राहणाऱ्या कितीतरी इमारतींपैकी एक समजा. ऑटोकॅडचं वागणं मात्र खरं, जसंच्या तसं.

तीन आठवडे आधी

स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं ऑफिस. पाचव्या मजल्याच्या स्लॅबमध्ये कुठे कुठे भोकं सोडायची, हे दाखवणारं ओपनिंग ड्रॉइंग इथे तयार होतं. त्या फाइलला तीन बाहेरच्या फाइली जोडल्या आहेत: आर्किटेक्टचा प्लॅन, प्लंबिंग आणि फायर. अशा जोडलेल्या फाइलीला सगळे एक्सरेफ म्हणतात. ती नक्कल नसते, तिकडे बदल झाला की इकडचं चित्रही बदलतं. तिचे लेअर, म्हणजे चित्राचे थर, इकडच्या यादीत दिसतात, आधी त्या फाइलीचं नाव, मग उभी रेघ, मग लेअरचं नाव. त्यांचा रंग बदलता येतो, ते फ्रीझ करता येतात, म्हणजे लपवता येतात, नाव मात्र बदलता येत नाही.

इकडे केलेले असे बदल टिकवायचे की दर वेळी मूळ फाइलीचंच ऐकायचं, हे व्हिसरिटेन नावाचं सेटिंग ठरवतं. ते १ असेल तर आपलं राहतं, ० असेल तर मूळ फाइलीचं चालतं. मुळात ते १ असतं. त्या दिवशी आर्किटेक्टने लेअरचे रंग बदलले होते आणि ते इकडे येत नव्हते, म्हणून ड्राफ्ट्समनने ० केलं. रंग आले. काम झालं. ० तसंच राहिलं, कारण हे सेटिंग ड्रॉइंगच्या फाइलीतच सेव्ह होतं.

१९ तास आधी, दुपारी १२

साइटवर सेंटरिंग पूर्ण, सळई बांधणं चालू. प्लंबिंगच्या पोरांनी ओपनिंग ड्रॉइंगच्या आर-३ ची, म्हणजे तिसऱ्या रिव्हिजनची, प्रिंट बघून टॉयलेटच्या बाजूला प्लायवर रंगाने खुणा मारल्या आहेत. पाइपांसाठी भोकं राखणाऱ्या स्लीव्ह रात्री बसवायच्या. आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, पहिली गाडी सकाळी सातला सांगून ठेवली आहे.

१४ तास ४० मिनिटं आधी

प्लंबिंग कन्सल्टंटकडच्या मुलाला क्लायंटसाठी पाइपांची स्वच्छ प्रिंट हवी आहे. स्लीव्हची वर्तुळं मध्ये मध्ये येतात. तो स्लीव्हचा लेअर फ्रीझ करतो, पीडीएफ काढतो आणि हाताच्या सवयीने फाइल सेव्ह करतो. लेआउटमध्ये जाऊन फक्त त्या व्ह्यूपोर्टपुरता फ्रीझ केला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण घाईत तेवढं कोण करतं? फाइल सामाईक फोल्डरमध्ये आहे.

१३ तास ४० मिनिटं आधी

स्ट्रक्चरल ऑफिसात आर-४ चं काम चाललंय. लिफ्टजवळचं एक कटआउट सरकलंय, बाकी काही नाही. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात फुगा येतो: जोडलेली फाइल बदलली आहे, रिलोड करा. ड्राफ्ट्समन करतो. सेटिंग ० असल्यामुळे प्लंबिंगच्या फाइलीतली फ्रीझ अवस्था मुकाट्याने इकडे येते. स्लीव्ह गायब. त्याला दिसत नाही, कारण तो लिफ्टच्या कोपऱ्यात झूम करून बसलाय.

इथे थोडं थांबायला हवं. एक्सरेफची फाइलच सापडली नाही तर ऑटोकॅड उघडतानाच ओरडतं आणि चित्राच्या जागी तिचा पत्ता छापून ठेवतं. एक्सरेफमध्ये नवा लेअर आला तर तोही कळवण्याची सोय आहे. पण असलेला लेअर फ्रीझ होऊन आला, तर चकार शब्द नाही. हरवल्याची तक्रार होते, लपवल्याची होत नाही. आणि कागदावर मोकळी जागा आणि राहून गेलेली जागा एकसारखीच दिसते.

१२ तास १५ मिनिटं आधी

आर-४ तपासायला सीनियरकडे. लिफ्टच्या कटआउटभोवती रिव्हिजनचा ढग, म्हणजे बदललेली जागा दाखवणारी ढगासारखी रेघ, काढलेला आहे. सीनियर ढगाच्या आत बघतो, मापं जुळवतो, सही करतो. लोक व्हिसरिटेनला दोष देतील. मला हा ढग जास्त दोषी वाटतो. कुठे बघायचं ते सांगतो, म्हणजे कुठे नाही बघितलं तरी चालेल तेही सांगून जातो.

११ तास आधी

साइट ऑफिसात आर-४ ची प्रिंट लागते. आर-३ वर ‘रद्द’चा शिक्का. नियमाप्रमाणे.

साडेसात तास आधी, रात्री ११.३०

प्लंबिंगचा मुकादम नवी प्रिंट घेऊन वर येतो. फायरच्या स्लीव्ह आहेत, टॉयलेटकडच्या एकही नाही.

“साहेब, इकडच्या सगळ्या काढल्या का?”

सुपरवायझर मोबाइलवर पीडीएफ उघडतो. तीच आर-४. “शाफ्टमधून फिरवल्या असतील.”

“खुणा मारल्यात की आम्ही.”

“जुन्या प्रिंटच्या. ड्रॉइंगमध्ये नाही तर टाकायचं नाही. मागच्या वेळी जास्तीची टाकली तर बोलणी कोणी खाल्ली?”

तरी तो साइट इंजिनिअरला फोन करतो. इंजिनिअर घरी, तोही तीच पीडीएफ उघडतो आणि तेच सांगतो. तिघांनी खात्री केली, पण कागद एकच. रात्रभरातला शहाणा प्रश्न मुकादमाने विचारला होता आणि त्याचं उत्तर नियमात बसत नव्हतं.

पाच तास आधी

वरची जाळी बांधून झाली. खालच्या रंगाच्या खुणा आता वाकून बघितल्याशिवाय दिसत नाहीत.

२० मिनिटं आधी

चेकलिस्ट. कव्हर ब्लॉक, टेकू, सळईचा व्यास, अंतर. ‘स्लीव्ह ड्रॉइंगप्रमाणे’: बरोबरची खूण. ती खोटी नाही.

सकाळी ७

पंप सुरू. गाड्या रांगेत. काँक्रीट प्लँटवर भरल्यापासून दोन तासांत ओतायचं असतं, त्यामुळे आता कोणीही थांबून विचार करणार नाही.

सव्वाचार तासांनंतर

प्लंबिंग कन्सल्टंट भेटीला येतो आणि टॉयलेटच्या बाजूला सपाट काँक्रीट बघतो. पुढचा अर्धा तास फोनवरच्या आवाजांचा. तो सोडून देऊ.

स्लॅबमधल्या भोकांना इलाज आहे. काँक्रीटला ताकद आली की डायमंड बिट लावून कोअर कटिंग करायचं, सळई कुठे लागते ते आधी शोधायचं. बीममधून जाणाऱ्या स्लीव्ह हे खरं दुखणं. बीम कापला तर रिंगा तुटू शकतात, म्हणून तिथला एकेक पाइप स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जाणार. जो नापास होईल तो बीमच्या खालून न्यायचा आणि टॉयलेटचं फॉल्स सीलिंग तेवढं खाली आणायचं.

दुपारी १२.२०

स्ट्रक्चरल ऑफिसात ड्राफ्ट्समन व्हिसरिटेन टाइप करतो. उत्तर येतं ०. तो १ करतो. काहीच परत येत नाही, कारण आता टिकवली जाणारी अवस्था फ्रीझचीच आहे. लेअरच्या यादीत जाऊन तो हाताने फ्रीझ काढतो, झूम बाहेर नेतो. टॉयलेटच्या बाजूला वर्तुळंच वर्तुळं. सीनियर मागून सांगतो, टायटल ब्लॉक बदल, ‘कोअर कटिंग लेआउट’ लिही, आणि या वेळी ढग काढू नकोस.