'झुंड' : भिंतीच्या दोन बाजूंचे प्रेक्षक

नागराज मंजुळे दिग्दर्शित 'झुंड' हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळवणारे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर तो बेतलेला आहे. प्रमुख भूमिकेत अमिताभ बच्चन असले, तरी कथा अंकुश गेडामसारख्या नवख्या पोरापोरींची आहे.

प्रेक्षकांत दोन मते पडली. काहींना जवळपास तीन तासांची लांबी खटकली, तर काहींना वस्तीला 'तारणारा' बाहेरचा प्राध्यापक. आंबेडकरी प्रेक्षकांना मात्र भीमजयंतीचा जल्लोष आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसह एकाच चौकटीत अमिताभ पाहून भरून आले. हिंदी पडद्यावर आपला उत्सव इतका मोकळेपणाने क्वचितच दिसला होता.

तो आनंद खराच. पण आम्हाला महत्त्वाची वाटते ती वस्ती आणि कॉलेज यांमधली भिंत. आपल्यातले बरेच जण शिकून आता कॉलेजच्या बाजूला आलो आहोत. पलीकडच्या पोरांना आपणही 'झुंड'च समजतो का? टाळ्या वाजवून झाल्यावर याचे उत्तर आपण प्रत्येकाने द्यायला हवे.